पहिले वीस मायक्रोसेकंद

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण पुण्यात सापडले आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथली कार्यालयं घराघरांत आली. कंपन्यांनी दिलेले काही लॅपटॉप अगदी नवे होते. त्यांत वायफाय ६ चं कार्ड होतं, आणि या पिढीच्या उपकरणांना प्रमाणपत्रं द्यायला सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांपूर्वी सुरुवात झाली होती. घरातला राउटर मात्र टेलिफोनच्या तारेवर ब्रॉडबँड आलं त्या काळातला. तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यात टीव्हीमागे कुठेतरी धूळ खात पडलेला. लॅपटॉप उघडला, पासवर्ड घातला, आणि बहुतेक घरांत जोडणी झाली.

दहा-बारा वर्षांचं अंतर असलेली ही दोन यंत्रं. कारखाने वेगळे, चिप वेगळ्या, बनवणारे अभियंते एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. तरी पहिल्याच भेटीत त्यांचं जमलं. याच काळात मोबाईलचे चार्जर दोन-तीनदा बदलले आणि सीडी ड्राइव्ह लॅपटॉपमधून नाहीसा झाला. वायफायने मात्र १९९९ पासूनची ओळख सोडलेली नाही. हे योगायोगाने घडलेलं नाही. प्रत्येक नव्या पिढीच्या आराखड्यात ते विचारपूर्वक घातलेलं आहे आणि त्याची किंमतही मोजलेली आहे. ती किंमत कोण मोजतं, हे समजलं की ‘नवं कार्ड घेतलं तरी नेट हळूच का?’ या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळतं.

आधी हे जमतं कसं ते पाहू. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा, नेमकं सांगायचं तर दर १०२.४ मिलिसेकंदांनी, हवेत एक छोटी घोषणा सोडतो. तिला बीकन म्हणतात. आपलं नाव काय, कोणत्या चॅनलवर आहोत, कोणते वेग झेपतात, कोणती सुरक्षा लागते, हे सगळं त्या घोषणेत असतं. यातला प्रत्येक मुद्दा ठरलेल्या साच्यात येतो. आधी मुद्द्याचा क्रमांक, मग त्याची लांबी, मग मजकूर. ऐकणाऱ्या यंत्राला एखादा क्रमांक ओळखीचा वाटला नाही, तर लांबी वाचून त्याने तेवढा भाग ओलांडायचा आणि पुढचा मुद्दा वाचायचा. मानकातला हा नियम साधा आहे, पण माझ्या मते वायफायमधली सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट हीच आहे. २००३ साली बनलेल्या यंत्राला २०२१ साली काय येणार हे माहीत असण्याची गरज नाही. न कळलेलं सोडून देता आलं म्हणजे पुरे. नवं कार्ड जुन्या राउटरची घोषणा ऐकतं, त्यात नव्या पिढीचे मुद्दे नाहीत हे पाहतं आणि दोघांना येतं तेवढ्यावरच करार करतं.

दुसरी सोय याहून खोल आहे. वायफाय ४ असो, ५ असो, ६ असो किंवा जानेवारी २०२४ पासून प्रमाणित होऊ लागलेलं वायफाय ७, नेहमीच्या पट्ट्यांवर ते पाठवत असलेल्या प्रत्येक वेगवान पाकिटाची सुरुवात जुन्याच खुणांनी होते. या खुणा १९९९ सालच्या ८०२.११ए मानकातल्या आहेत. ८ मायक्रोसेकंद एक खूण, पुढचे ८ मायक्रोसेकंद दुसरी, आणि मग ४ मायक्रोसेकंदांत एक छोटी नोंद, की या पाकिटासाठी हवा किती वेळ अडलेली राहणार आहे. असे हे वीस मायक्रोसेकंद जुन्या यंत्राला वाचता येतात. पुढचा मजकूर त्याला अगम्य असतो, पण किती वेळ गप्प राहायचं हे त्याला समजलेलं असतं, त्यामुळे ते मध्येच बोलत नाही. वायफाय ४ च्या मानकात या जुन्या खुणा वगळून थेट नव्या भाषेत बोलण्याची एक ऐच्छिक पद्धत होती. थोडा वेळ वाचला असता. पण ती फारशी वापरली गेली नाही आणि पुढच्या पिढीने ती घेतलीही नाही. त्या निर्णयात शहाणपण होतं असं मला वाटतं.

या खुणांमागच्या तंत्राचा पुणे जिल्ह्याशी एक दूरचा, पण खरा धागा आहे. घरातली रेडिओलहर भिंती, कपाटं, लोखंडी जाळ्या यांच्यावर आपटून अनेक वाटांनी पोचते. तिचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात आणि मूळ निरोप पुसट होतो. एकाच वेगवान प्रवाहाऐवजी शेजारशेजारच्या अनेक बारीक कंप्रतांवर माहिती सावकाश पाठवायची आणि दुसऱ्या टोकाला ती गणिताने एकत्र करायची, हा त्यावरचा उपाय. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेच्या रेडिओफिजिक्स विभागात जॉन ओ’सुलिव्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिनतारी जाळ्यांसाठी या दिशेने महत्त्वाचं काम केलं. त्यांना १९९६ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं. ओ’सुलिव्हान मूळचे रेडिओ खगोलशास्त्राचे. स्फोट होणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांचे संकेत शोधताना त्यांनी जी गणिती हत्यारं घासूनपुसून ठेवली होती, ती इथे कामी आली. याच विभागात त्याआधी चाळीस वर्षं, १९५३ मध्ये, गोविंद स्वरूप नावाचा तरुण भारतीय शिकायला गेला होता. तिथल्या पॉट्स हिल इथल्या ३२ छोट्या अँटेना पुढे भारताला भेट मिळाल्या आणि कल्याणजवळ उभ्या राहिल्या. त्यानंतर स्वरूप यांनीच नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण उभारली. आकाशातला क्षीण आवाज गोंगाटातून वेगळा काढण्याची ही परंपरा. तिची एक फांदी खोडदच्या माळावर पोचली आणि दुसरी आपल्या टीव्हीमागच्या राउटरमध्ये.

आता किमतीकडे वळू. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं, तेव्हा ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला सेकंदाला २५६ किलोबिट एवढा वेग पुरे होता. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला बीएसएनएलची डेटावन सेवा आली. त्या वेळच्या ८०२.११जी राउटरचा वेग ५४ मेगाबिट, म्हणजे बाहेरून येणाऱ्या तारेच्या दोनशे पटींहून अधिक. घरातली हवा मोकळी आणि रस्त्यावरची तार अरुंद, अशी ती परिस्थिती होती. नेट हळू असेल तर दोष तारेचाच, असं मानायची सवय आपल्याला तेव्हा लागली, आणि ती चूकही नव्हती.

आज कोथरूड-सिंहगड रोडच्या सोसायट्यांत फायबर थेट घरात आला आहे आणि शंभर-दोनशे मेगाबिटच्या योजना सर्रास घेतल्या जातात. प्रमाण उलटलं आहे. तार रुंद झाली, राउटर तोच राहिला. दोन अँटेनांचं वायफाय ६ चं कार्ड योग्य राउटरसमोर २४०२ मेगाबिटपर्यंतच्या वेगाने बोलू शकतं. तेच कार्ड ८०२.११जी राउटरपुढे आलं की ५४ वर उतरतं. खोक्यावर ठळक अक्षरात ‘३०० एमबीपीएस’ लिहिलेला ८०२.११एन, म्हणजे वायफाय ४ चा राउटर असेल तर आकडा ३०० दिसू शकतो, पण त्यासाठी दुप्पट रुंद चॅनल लागतो. आजूबाजूला पंधरा-वीस वायफाय असलेल्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर तेवढी जागा सहसा मिळत नाही, आणि शेजाऱ्यांचा आवाज ऐकून राउटरने निम्म्या रुंदीवर यावं असं मानकच सांगतं. मग ३०० चे १४४ होतात. हाही हवेतला कागदोपत्री वेग. फाइल उतरवताना त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळाला तरी तक्रारीला जागा नसते.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. स्वस्त ‘३००’ राउटरपैकी पुष्कळांच्या मागे तारेसाठी असलेली छिद्रं १०० मेगाबिटचीच असतात. बाहेरून २०० मेगाबिट येत असले तरी त्या छिद्रातून १०० पेक्षा जास्त आत शिरणारच नाहीत. लॅपटॉपमध्ये जगातलं सर्वोत्तम कार्ड बसवलं तरी यात तसूभर फरक पडत नाही. कार्डासाठी पैसे खर्च करण्याआधी राउटरच्या तळाशी चिकटवलेलं लेबल वाचावं आणि मॉडेल शोधून छिद्रांचा वेग पाहावा. पाच मिनिटांचं काम आहे.

हवा सगळ्यांची मिळून एक असते, आणि किमतीचा खरा भाग इथे आहे. एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलतं. १५०० बाइटचं एक पाकीट १ मेगाबिटच्या वेगाने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात. ५४ मेगाबिटने जेमतेम ०.२२ मिलिसेकंद. म्हणजे हळू बोलणाऱ्या यंत्राच्या एका पाकिटाच्या वेळेत जलद यंत्राची पन्नासेक पाकिटं गेली असती. ८०२.११बी ची भाषा तर वर सांगितलेल्या वीस मायक्रोसेकंदांपेक्षा वेगळीच. त्या पिढीच्या यंत्राला या खुणा वाचताच येत नाहीत. असं एखादं यंत्र घरात जोडलेलं असेल, तर बाकीच्यांना प्रत्येक वेळी बोलण्याआधी त्याच्या संथ भाषेत ‘थांब’ असं सांगावं लागतं. ‘बी’ पिढीचा जुना प्रिंटर कोणी वापरत नसलं तरी तो जोडलेला असला की घरातल्या सगळ्यांचा वेळ खातो. अशी यंत्रं राउटरपासून तोडून टाकावीत. राउटरमध्ये ‘बी’ बंद करून फक्त ‘जी’ आणि ‘एन’ चालू ठेवायची सोय असेल तर ती वापरावी.

इथवर आपण जे पाहिलं त्यात जोडणी होते, फक्त वेग कमी पडतो. जोडणी मुळीच होत नाही तेव्हा कारण बहुधा कुलपाचं असतं. वायफायचं पहिलं कुलूप वेप, १९९७ चं. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी त्यातली खोट दाखवली. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट विद्यापीठातल्या चमूने ते मिनिटाभरात उघडून दाखवलं. मधल्या काळात, २००३ मध्ये, जुन्या यंत्रांवरही चालेल असा तात्पुरता उपाय म्हणून टीकेआयपी आलं, आणि २००४ मध्ये एईएस या कूटपद्धतीवर आधारलेलं डब्ल्यूपीए-२. आपल्या राज्यात सामान्य माणसाला या कुलपाची जाणीव एका भयंकर घटनेने झाली. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेला ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेल्याचं निष्पन्न झालं, आणि जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस उघडी वायफाय हुडकत फिरले. पासवर्ड ठेवायलाच हवा ही शिस्त तेव्हापासून रुजली. पण राउटरमधल्या यादीत वेप सर्वांत वर असे. ज्यांनी तेव्हा तेच निवडलं, त्यांची निवड पुढे कोणी तपासली नाही. पासवर्ड आहे ना, मग झालं, असं सगळ्यांना वाटत राहिलं.

नवी कार्डं इथे अडतात, आणि त्यांचं अडणं रास्त आहे. विंडोज २०१९ पासून वेप आणि टीकेआयपीच्या जाळ्यांना असुरक्षित म्हणून इशारा देतं. आयफोनवर ‘कमकुवत सुरक्षा’ अशा अर्थाची ओळ दिसते. काही नवी उपकरणं तर जोडायलाच नकार देतात. याहून गुपचूप घडणारा प्रकार असा, की ८०२.११एनच्या नियमानुसार वेप किंवा टीकेआयपी असेल तर वेगवान दर वापरायचेच नाहीत. राउटर ‘एन’ आहे, कार्ड नवंकोरं आहे, आणि लॅपटॉप मात्र हट्टाने ५४ वर बसला आहे, असं दिसलं तर वेळ वाया घालवण्याआधी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-२ आणि एईएस एवढंच निवडावं. मिश्र पर्याय नको. एक पैसा खर्च न करता वेग दुप्पट झालेला दिसू शकतो.

डब्ल्यूपीए-३ या त्यापुढच्या कुलपाची मात्र चिंता करू नये. जुलै २०२० पासून प्रमाणित होणाऱ्या प्रत्येक नव्या उपकरणात ते असावंच लागतं, पण त्याचा अर्थ डब्ल्यूपीए-२ नाकारलं असा होत नाही. जुना राउटर डब्ल्यूपीए-२ एईएसवर असला तर नवं कार्ड निमूट जोडलं जातं.

पुण्यात आणखी एक अडचण भेटते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आणि आई-वडिलांसाठी तिथून आणलेला लॅपटॉप. घरातले बाकी सगळे फोन वायफायला लागतात, फक्त या लॅपटॉपला घरचं नाव यादीत दिसतच नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ चॅनल चालतात. अमेरिकेसाठी बनलेली यंत्रं सहसा ११ पर्यंतच ऐकतात. राउटरने आपोआप १२ किंवा १३ निवडला की तो लॅपटॉप त्या बाजूला बहिरा असतो. कार्ड बिघडलेलं नसतं. राउटरमध्ये चॅनल हाताने १, ६ किंवा ११ वर ठेवला की नाव दिसू लागतं. हे तीन आकडे निवडायचं कारण असं, की ते एकमेकांवर चढत नाहीत. तसंच तिथून राउटर आणणाऱ्यांनी अॅडॉप्टरवरचा व्होल्टेज आधी वाचावा. १०० ते २४० लिहिलेलं असेल तर ठीक. फक्त १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो घालू नये.

६ गिगाहर्ट्झचं आकर्षण बाजारात वाढतं आहे. वायफाय ६ई आणि ७ च्या कार्डांना हा नवा पट्टा वापरता येतो. तिथे जुन्या यंत्रांची गर्दी नाही आणि डब्ल्यूपीए-३ सक्तीचं आहे. भारतात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा भाग खुला करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पण जुन्या राउटरच्या घरात असं कार्ड घेणं म्हणजे त्याचा तिसरा कान बंद ठेवणं. राउटरलाच तो पट्टा माहीत नाही, तर कार्ड बोलणार कोणाशी?

तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन सुटं कार्ड घ्यायला निघालेल्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२०१ ही कार्डं दिसायला सारखी आणि नावातही एका आकड्याचाच फरक. पहिलं एम.२ खाच असलेल्या बहुतेक यंत्रांत चालतं. दुसऱ्याचं निम्मं काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरमध्ये होतं, त्यामुळे ते इतर कुठे बसवलं तर निपचित पडून राहतं. उलटा प्रसंगही ऐकू येतो. राउटर नवा वायफाय ६ चा आणि लॅपटॉप जुना असेल, तर जुन्या ड्रायव्हरमुळे इंटेलच्या काही कार्डांना राउटरचं नावच दिसत नाही. न कळलेलं सोडून पुढे जायचा नियम तिथे ड्रायव्हरने नीट पाळलेला नसतो. इंटेलने त्यासाठी सुधारित ड्रायव्हर दिले आहेत, आणि ते घातले की प्रश्न सुटतो.

पेठांतल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना माझा सल्ला थोडा वेगळा आहे. दगडी जोतं, विटा-मातीच्या जाड भिंती, मध्ये चौक. ५ गिगाहर्ट्झची लहर अशा भिंतीतून जाताना २.४ पेक्षा लवकर दमते. दुसऱ्या सोप्यात बसलेल्या माणसाला जुन्या राउटरचा २.४ चा संथ पण पोचणारा पट्टा अधिक उपयोगी पडतो. तिथे महागडा राउटर आणून एकाच कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा जुनाच राउटर एका तारेने दुसऱ्या टोकाला जोडून तिथे वायफाय द्यावं. बहुतेक जुने राउटर हे काम करू शकतात. त्यांची आयपी वाटायची सोय बंद करायची आणि तार आतल्या बाजूच्या छिद्रात लावायची, एवढंच.

मग राउटर बदलायचा कधी? वेग कमी पडतो म्हणून घाई करू नये. ईमेल, बँकेचं काम, व्हिडिओ कॉल यांना खणखणीत ५० मेगाबिट पुरून उरतात. पण राउटरला डब्ल्यूपीए-२ एईएस येतच नसेल, किंवा कंपनीने त्याच्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या देणं वर्षांपूर्वी थांबवलं असेल, तर तो त्याच दिवशी काढावा. २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहोफ यांनी डब्ल्यूपीए-२ च्या हस्तांदोलनातला क्रॅक नावाचा दोष उघड केला, तेव्हा ज्यांना दुरुस्ती मिळाली ती यंत्रं सावरली. बाकीची आजही तशीच आहेत. घरात ऑनलाइन बँकिंग करणारे वडीलधारे असतील तर मी या एका बाबतीत तडजोड करणार नाही.

काढलेला राउटर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचरा वेगळा गोळा करते. देण्याआधी मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून पंधराएक सेकंद दाबून धरावं. राउटर चालू असतानाच हे करायचं. सगळे दिवे एकदम लुकलुकले की आत साठवलेला वायफायचा पासवर्ड आणि ब्रॉडबँड खात्याचं नाव पुसलं गेलं असं समजावं.